डाव्या चाकाची कुरकुर

"अन्याय आहे हा! शुद्ध अन्याय!"

ठिणगीने पायातली चप्पल अशी काही भिरकावली, की ती पायऱ्या ओलांडून थेट अंगणात जाऊन पडली.

"अगं हळू! काकांना ऐकू जाईल ना!" रेडिओ म्हणाला.

"जाऊ दे! ऐकू जावं म्हणूनच ओरडतेय!"

ठिणगीचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर, म्हणून सगळी गल्ली तिला ठिणगीच म्हणायची. रेडिओ तिचा धाकटा भाऊ. हा एकदा सुरू झाला, की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. आणि पायरीवर बसून निवांत चष्मा पुसत होता तो शेजारचा ढापण्या. सुट्टी लागल्यापासून हे त्रिकूट सकाळ-संध्याकाळ एकत्र असायचं.

आजचा राग मात्र नेहमीचा नव्हता. नुकतंच जेवताना काकांनी जाहीर केलं होतं, "अण्णांची गाडी विकायची. उद्या संध्याकाळी घेणारा माणूस येतोय."

अण्णा म्हणजे आजोबा. बाबा आणि काका त्यांना अण्णा म्हणत.

"अण्णांना आता गाडी झेपत नाही," काका पुढे म्हणाले होते. "खड्डा आला की आदळलेच धाडकन! मी स्वतःच्या हातांनी, घरच्या घरी सस्पेन्शनचा नवा बुश बसवला. आठ दिवस नाही झाले, तर गाडी पुन्हा कोकलायला लागली! उद्या काही झालं म्हणजे?"

बाबांनी मान डोलावली आणि खुंटीवरची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. आजोबा अर्ध्या ताटावरून उठले आणि खोलीत गेले.

"आजोबांच्या मित्रांचं काय आता?" रेडिओने विचारलं.

दर गुरुवारी आजोबा आपल्या तीन मित्रांना गाडीत घालून तळ्यावर न्यायचे. त्यातले एक वॉकर घेऊन चालायचे. आजोबांनी नेलं नाही, तर त्यांना घराच्या चार भिंतींबाहेर कोण नेणार होतं?

"पण आजोबा तर बैलगाडीसारखी गाडी हाकतात!" ठिणगी कडाडली. "मागून सायकलवाले पुढे जातात! ते कशाला आदळतील?"

"रागावून गाडी वाचणार नाही," ढापण्या चष्मा नाकावर चढवत म्हणाला. "आवाज नक्की कुठून येतो, ते आधी शोधू. साबणाचं पाणी हवं, आणि झाडांवर फवारायची बाटली."

दुपारी सगळे आडवे झाले आणि तिघं गाडीपाशी जमली. ढापण्याने चाकामागे दगड लावला. "गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. सगळं बाहेरूनच!"

रेडिओने बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर हात टेकून गाडी खालीवर दाबली. चुइंऽऽक! चुइंऽऽक!

"आता उजवीकडे!"

रेडिओने दाबलं. गाडी हलली, पण आवाज नाही. पुन्हा दाबलं. चिडीचूप!

"म्हणजे फक्त डावीकडेच!" ठिणगी डाव्या चाकाशी उकिडवी बसली आणि टॉर्चचा झोत आत टाकला. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा गाडीला जोडलेला होता. त्या जोडापाशी, धक्के सोसायला, रबराचं जाड कडं बसवलेलं होतं. काकांनी बसवलेला बुश तो हाच!

ढापण्याने नेम धरून त्या रबरावर पाणी फवारलं. "दाब रे!"

रेडिओने दाबलं. आवाज गायब! पाणी सुकेपर्यंत तिघं थांबली, पुन्हा दाबलं. चुइंऽऽक!

"सापडला चोर!" रेडिओ किंचाळला.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. "काय चाललंय रे?" काकांचा आवाज!

"गाडी धुतोय, काका!" ढापण्याने बाटली उंच धरली.

"शाबास! चकाचक करा! घेणारा खूश झाला पाहिजे!" खिडकी बंद झाली. ठिणगीने दात इतके आवळले, की जबडा दुखला.

"काकांनी उजवीकडचा बुश बदललाच नव्हता," रेडिओ कुजबुजला. त्याला कुजबुजताना त्या दोघांनी पहिल्यांदाच ऐकलं. "मी इथेच होतो ना! डावीकडचा बसवता बसवता घामाघूम झाले, मग म्हणाले, उजवा ठणठणीत आहे."

"म्हणजे जुना आहे तो गप्प, आणि नवा आहे तो कोकलतोय?" ठिणगी ताडकन उठली. "आजोबा काय खड्डा दिसला की मुद्दाम डावं चाकच त्यात घालतात? खड्ड्याला कशाला बोल लावता? काकांचंच काहीतरी चुकलंय!"

तिने पुन्हा आत पाहिलं. नवं कोरं रबर, पण पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं दिसत होतं! एक कड तर फाटायला आली होती.

"रेडिओ, काकांनी बोल्ट आवळला, तेव्हा चाक कुठे होतं?"

"हवेत! गाडी जॅकवर होती ना. चाक खाली लोंबकळत होतं."

ठिणगीने पुन्हा त्या पिळलेल्या रबराकडे पाहिलं. मग तिने रेडिओचा शर्ट खांद्यापाशी मुठीत गच्च धरला. "आता वळ!"

"अगं! सोड! फाटेल ना!"

"हेच! अगदी हेच!" ती ओरडली. "चाक लोंबकळतंय, म्हणजे दांडाही खाली गेलेला. तशातच काकांनी रबर करकचून आवळलं. मग गाडी खाली उतरवली, दांडा वर आला, आणि घट्ट धरलेलं रबर पिळलं गेलं! तेव्हापासून बिचारं पिळलेलंच आहे!"

"आधी माझा शर्ट सोड," रेडिओ म्हणाला.

"पण काकांना सांगणार कोण?" ढापण्याने विचारलं. "मुलांनी लुडबुड करायची नाही, म्हणतील."

"सांगायचं नाहीच! त्यांनाच सांगायला लावायचं. स्वतःचं कौतुक करायची संधी काकांनी कधी सोडली आहे का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेणारा माणूस आला. आई-बाबा अंगणात उभे होते. आजोबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते, पण गाडीकडे बघत नव्हते. ते बघून ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती गोड हसली.

"काका, तुम्ही घरच्या घरी बुश कसा बसवलात, ते दाखवा ना यांना!"

"अगं, त्यात काय मोठंसं!" म्हणेपर्यंत काकांनी बाह्या वर सरसावल्या होत्या. जॅक लागला, डावं चाक हवेत उचललं गेलं. काकांचं वर्णन असं रंगलं, जणू गड जिंकला होता!

"आणि बोल्ट कधी आवळायचा?" ढापण्याने भाबडेपणाने विचारलं. "चाक जमिनीला टेकल्यावर?"

"छे रे वेड्या! असंच, चाक लोंबकळत असताना! अंगातली सगळी ताकद लावून!"

"मग आवाज तुमच्यामुळेच येतोय, काका!" ठिणगीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

काका लालेलाल झाले. "आता ही चिमुरडी मला शिकवणार?"

"शिकवत नाही, करून बघा म्हणते! गाडी चाकांवर उभी करा, बोल्ट सैल करा आणि मग आवळा. आवाज आला, तर सुट्टीभर मी तुमच्या बुटांना पॉलिश करीन!"

काका काही बोलणार, तोच बाबांनी त्यांच्या हातातला पाना घेतला. गाडी खाली उतरवली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाकामागचा बोल्ट सैल केला. आत खट्ट झालं आणि रबराचा पीळ सुटला. बाबांनी बोल्ट पुन्हा आवळला आणि गाडी दाबली.

आवाज नाही!

काकांनी दोन्ही हातांनी दाबली, कोपरांनी दाबली, शेवटी चक्क बॉनेटवर बसून पाहिलं. गाडी मूग गिळून गप्प!

गाडी घेणारा खो खो हसला. "एवढी चांगली गाडी विकताय कशाला?" म्हणून तो निघूनही गेला.

"कमाल आहे पोरांची!" आई म्हणाली. बाबांनी ठिणगीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास गं!"

ठिणगीने पाठ झटकली. "मला नको शाबासकी! चूक काकांची आणि किल्ली काढून घेतली आजोबांची! त्यांना एकानं तरी विचारलं का?"

ठिणगीला आता रडू आवरेना.

काका खाली मान घालून व्हरांड्यात गेले. "अण्णा, चुकलो. न बघताच तुमच्यावर ढकललं." त्यांच्या मागोमाग बाबा गेले आणि त्यांनी किल्ली आजोबांपुढे धरली.

आजोबांनी लगेच ती घेतली नाही. "तुम्ही दोघं लहानपणी सायकलवरून पडायचात, तेव्हा मी आधी सायकलचे ब्रेक तपासायचो," ते म्हणाले. "रागवायचो ते नंतर. माझ्या वेळी ब्रेक बघायला ही तीन पोरं तेवढी आली. मोठं कुणी आलं नाही."

काकांनी डोळे टिपले.

मग आजोबांनी किल्ली घेतली आणि ठिणगीला जवळ ओढलं. "रबराची कड फाटत आलीये म्हणालीस ना? तुझा काका उद्या नवा बुश आणेल आणि पुन्हा बसवेल. तू उभी राहून बघायचं. चाक जमिनीला टेकल्याशिवाय बोल्टला हात लावू द्यायचा नाही!"

"आणि मी?" रेडिओने विचारलं.

"तू फोन लाव. माझ्या तिघा मित्रांना सांग, गुरुवारी तयार राहा म्हणावं."

रेडिओ सुरू झाला तो थांबेचना. पलीकडून वॉकरवाले आजोबा आनंदाने इतके मोठ्याने ओरडले, की अंगणात सगळ्यांना ऐकू आलं.