पाचवं वटवाघूळ

“शेवटी मुलगा तो मुलगाच!” आंधळ्या बापाचे, म्हाताऱ्या छियाओंचे हे शब्द कानी पडताच त्यांच्या लेकीच्या, वानछिउच्या हातातला चहाचा पेला खाली आपटला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले...

तिच्या धाकट्या भावाची, बोलिनची पाठ थोपटून एका बड्या घरचे कारभारी नुकतेच अंगणाबाहेर पडले होते. त्यांच्या मालकीणबाईंच्या सत्तरीसाठी तपकिरीची कुपी कोरून हवी होती, ती घेऊन ते निघाले होते. पांढऱ्या काचेवर लाल काचेचा थर, त्यात दीर्घायुष्याचं पीच फळ आणि भोवती पाच सुखांची पाच वटवाघळं; चिनी बोलीत ‘वटवाघूळ’ आणि ‘सुख’ यांचा उच्चार एकच ना! पाचव्याचा पंख कोरताना बोलिनचं कोरायचं चाक घसरलं आणि लाल थर पार उडाला! उडालेली काच का परत चिकटते? आणि उरली चार, तर वाढदिवसाला अपशकुन! तेव्हा वानछिउनेच उरलेल्या लाल काचेतून ढग काढला, अन् गेलेला पंख त्याआड दडवून पाचवं वटवाघूळ असं बाहेर काढलं, की ते जणू आत्ताच घरात सुख घेऊन शिरतंय!

“बोल ना रे! ढग कोणी कोरला, सांग बाबांना!”

बोलिनची मान खालीच. “ताई, हळू... लोक ऐकतील.”

“ऐकू देत! मुलगी घरची विद्या सासरी नेते म्हणून मला चाकाला शिवू दिलं नाहीत ना, बाबा? मग तुमचे डोळे गेल्यावर ठरलेली सोयरीक मोडून त्या चाकावर बसलं कोण? तुमचा मुलगाच?”

म्हाताऱ्याने अंगठा बोटांवर फिरवला. “मला ठाऊक होतं, पोरी.”

“काय?”

“कुपी अंगठ्याखाली धरली की कळतं. याच्या कोरीवकामाची कड बोचते, तुझी उतरत जाते. पहिल्यापासून ठाऊक होतं...”

हाय! अज्ञानाला क्षमा करता येते हो, पण जाणूनबुजून पाळलेल्या मौनाचं काय करावं त्या लेकीनं? तिच्या अंतःकरणात वणवा पेटला.

“ठाऊक होतं! आणि रोज माझ्या हातची लापशी खाऊन याचं कौतुक करत होतात? चालले मी. मावशीकडे भांडी घासेन, पण या घरात आता चाक फिरवणार नाही!”

ती बोचकं बांधू लागली. तेवढ्यात दार करकरलं. म्हातारा भिंत चाचपत, अनवाणी, बर्फाने भरलेल्या गल्लीत उतरला होता!

“कारभारीसाहेब! थांबा! तो हात माझ्या मुलीचा आहे! वानछिउचा!”

शेजारची दारं उघडली. गाडीत चढणारे कारभारी गर्रकन वळले. “बाईने कोरलेली? म्हातारबा, मालकीणबाईंनी परत पाठवली तर?”

“तर पाठवू देत! पण देताना तिचं नाव सांगा. आजवर मी चोरी केली, आता नाही करणार.”

कारभाऱ्यांनी कुपीची डबी उघडून ढगाकडे पुन्हा एकदा पाहिलं. “सांगतो,” एवढंच म्हणाले, आणि गाडी हलली.

वानछिउ बापाचे जोडे घेऊन धावली, रडत आणि फणफणत.

“मरायचंय का थंडीनं?”

“चाकावर बसणाऱ्यानेच पूर्वजांना उदबत्ती लावायची, आपली रीत आहे... उद्या तू लाव, पोरी. लावशील ना?”

“उद्याचं उद्या बघू,” ती बर्फात गुडघ्यांवर बसली. “माझा राग गेलेला नाही. आधी पाय उचला!”