यंत्राचा परवा

पाचटाची कोपी आणि उभा ऊस यांतला फरक माणसाला डोळ्यांनी कळतो. कापणीयंत्राला तो नकाशातून सांगावा लागतो. बांधावर पाणी चढलं म्हणून ऊसतोड्या नामदेवनं सकाळीच आपली राहती कोपी फडाच्या मधल्या मोकळ्या जागेत हलवली होती. कारखान्याच्या जीपमधल्या संगणकावरून नवा नकाशा यंत्रांना धाडायचा, एवढंच काम. मीनल ठोंबरे ते एरवी चहा निवायच्या आत उरकायची.

आज चहावर साय धरली, तरी नकाशा जाईना.

आणि तिन्ही यंत्रं थांबेनात. फडाच्या कडेनं गोल गोल कापत ती आत सरकत होती. मधोमध कोपीत नामदेवची लेक सुली, ओली बाळंतीण, तान्ह्याला पोटाशी धरून. उसातून पळावं, तर उसात असेल ते सगळं पात्यांच्या लेखी ऊसच. यंत्र थांबवायचं लाल बटण होतं, पण पात्यांच्याच बाजूला. ज्यानं ते तिथं बसवलं, त्यानं ऊस फक्त रसवंतीवर पाहिला असावा.

नामदेव बटणाकडं धावला. डोक्यावर गुरांसाठीचा वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा तसाच. यंत्राला दिसला तो चालता ऊस. पात्यानं गुडघ्याखाली पाय उडवला, दात्यांनी तो आत ओढला, कांड्या पाडल्या आणि मागच्या ट्रॉलीत फेकल्या. गयाबाईनं नवऱ्याला फरफटत बांधावर आणलं, लुगडं फाडून मांडी आवळली. रक्त थांबेना.

"बाई, काय तरी करा की!" संपत मुकादम जीपच्या पत्र्यावर मुठी आपटत होता.

"ओरडू नका. रुग्णवाहिका बोलवा."

मीनलनं यंत्रांना हाक पाठवली. तिघांनीही ओ दिली. म्हणजे रेंज होती. परवलीचा शब्द त्यांनी मानला. म्हणजे दारही उघडं. नकाशा मात्र उंबऱ्यावरून परत. पुन्हा धाडला, पुन्हा परत. या खेपेला तिनं नकाराचं कारण उघडलं: 'फाइलवरची तारीख अजून उजाडलेली नाही.'

तिनं मान वर केली. "मुकादम, घड्याळाला हात कुणी लावला?"

"आता घड्याळाचं काय काढलंसा?"

"कुणी लावला?"

संपतनं नजर चोरली. "पाती तपासायची तारीख आली की यंत्रं दिवसभर बसून ऱ्हात्यात, बाई. कारखान्याचं गाळप अडतंय. म्हणून रोज पहाटे तारीख मागं घेतो. त्यास्नी वाटतं, अजून परवाच हाय."

त्याला झोडपायला तिच्याकडं वेळ नव्हता. यंत्रांची घड्याळं इथून बदलत नव्हती. त्यांना किल्ली लागे, आणि ती यंत्रांतच. मग तिनं स्वतःच्या संगणकाचं घड्याळ पहाटेवर लावलं आणि तारीख मागं घेतली. परवा. नकाशावर आपली डिजिटल मोहोर नव्यानं उठवली आणि धाडला.

पुढचं यंत्र कोपीत शिरलं होतं. पाचटाची भिंत फाटली, भुसा उडाला. सुलीची किंकाळी आली आणि मधेच तुटली.

मग पाती थांबली.

एवढ्यात तान्हं रडलं, चांगलं ठणठणीत, आणि पाठोपाठ सुली, "आई, मी हाय!"

नामदेवला घेऊन रुग्णवाहिका गेली. लेकीसाठी मागं थांबलेली गयाबाई जीपपाशी आली. कोपरापर्यंत हात लाल.

"ताई, त्या यंत्राला कळलं का हो, ह्यांचा पाय तोडला ते?"

मीनलनं यंत्राची नोंद उघडली. सगळं होतं. नोंदी मोहोरेवरच्या वेळेनं लागलेल्या: आधी नकाशा मिळाला, मोहोर मीनल ठोंबरे, तारीख परवाची, वेळ पहाटेची. त्यानंतर पाय तुटला ती कापणी, तीही परवाचीच. चौकशीवाले एवढंच वाचणार: नकाशा वेळेत पोचला होता, चूक यंत्राची नाही, नामदेवची.

संपत हळूच म्हणाला, "बाई, मिटवून टाका. आता तुमची बी सही हाय त्यावर."

मीनलला परवाचा दिवस आठवत होता. परवा नामदेव सुलीला आणायला तालुक्याच्या दवाखान्यात गेला होता, तिथल्या दारावरच्या कॅमेऱ्यासमोरून, लेकीचं गाठोडं घेऊन, दोन्ही पायांवर.

"गयाबाई, बसा इथं," ती म्हणाली आणि नोंदीची प्रत काढायला लागली. "चौकशीत मी एकच विचारणार. परवा हा माणूस इथं नव्हताच, तर यंत्रानं कापला तो पाय कुणाचा?"