बाळ हालस का?

बस लखन, बस. दवाखान्यातून तुझ्या योगिताला तिसऱ्यांदा घरी पाठवलं म्हणून एवढा तापू नकोस. "खोट्या कळा आहेत, जा," असं तीनदा ऐकलं की कोणाचंही डोकं फिरतं. पण घरात तिच्यावर आवाज चढवलास, तो मी इथवर ऐकला. म्हणून आमच्या शेजारच्या विठ्ठलचं सांगतो. ऐकीव नाही. शेवटी मी स्वतः तिथं उभा होतो.

विठ्ठल अमळनेरकडचा. इथंच गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर मास्तर. बायको दिपाली, पहिलटकरीण, नववा सरत आलेला. ते दिवस तू बघतोच आहेस. पाय सुजलेले, चप्पल चढत नाही. कूस बदलायची तर आधी उठून बसायचं. कपड्यांची बॅग भरून दाराशी. आणि कळा! कमरेतून निघून पोटात उतरतात, माणूस रिक्षा घेऊन येतो, तोवर गायब. आठ दिवसांत तीनदा गेले. तिन्ही वेळा सिस्टरने तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि सांगितलं, "हजी वार छे. घरे जाओ." अजून वेळ आहे, घरी जा.

तिसऱ्यांदा परतले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दारातच विठ्ठल ओरडला, "आता खरं दुखल्याशिवाय मला काही सांगूच नको! तीन खाडे झाले माझे!"

दिपालीनं बॅग परत दाराशी ठेवली.

गेल्या वर्षीची अठरा डिसेंबर. गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या.

त्या रात्री दिपालीची आई, प्रमिलाबाई, शहाद्याहून बसने यायची होती. साडेबाराला कडोदरा चौकडीवर, हमरस्त्याच्या चौकात, उतरणार. विठ्ठल मोटरसायकल काढून घ्यायला निघाला. दिपाली म्हणाली, "दुखायचं थांबलंय. तुम्ही या जाऊन." त्याला हायसं वाटलं.

चौकडीवर तासभर थंडीत उभा राहिला. मग सासूचा फोन. बारडोलीच्या पलीकडे बस बंद पडली, पहाटेशिवाय काही खरं नाही. विठ्ठलनं सीटवर बुक्की मारली. कळा खोट्या, बसही खोटी! शिव्या घालत माघारी फिरला.

उसाचे ट्रक निघून गेले होते. रस्ता मोकळा. धुकं उतरलेलं. एका बंद गिरणीच्या भिंतीशी म्हातारी उभी दिसली. खान्देशी लुगडं, डोक्यावरून पदर.

"भाऊ, गोडादराले सोडशी का?"

आपल्या बोलीतलं ऐकून त्यानं गाडी थांबवली. म्हातारी मागे बसली. गाडी जराही दबली नाही, पण ते त्याला नंतर आठवलं.

"घर कोन शे?" तिनं विचारलं.

झालं. विठ्ठलला बोलायला माणूसच हवं होतं. तीन फेऱ्या, तीन खाडे, सिस्टर, सासूची बस, सगळं ओकला. "कळा येतात न् जातात, आजी. डोक्याला ताप नुसता."

"कळा राहू दे, भाऊ. बाळ हालस का?"

विठ्ठलनं उगाच गिअर बदलला.

"इचारं नही?"

"नाही..."

"इचार."

एवढंच. पुढे काही नाही. एक खांब मागे गेला... दुसरा गेला... विठ्ठलनं आरशात पाहिलं. आरशात मागचा रस्ता दिसला. सगळा रस्ता. मधे कोणी नाही.

हात मागे नेला. सीट... बर्फासारखी.

"मग?" काय विचारतोस लखन, गाडी उभी केली त्यानं. उतरून बघायचा धीर नव्हता. तिथूनच फोन लावला.

"दिपाली. बाळ हलतंय का?"

पलीकडे पलंग करकरला.

"दिपाली?"

"...संध्याकाळपासून नाही."

"काय?"

"वाटलं, झोपलं असेल..."

"मग बोलली का नाहीस?"

पलीकडे रडू फुटलं.

"तुम्हीच म्हणाला होतात... सांगू नको."

कसा आला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. रात्री सव्वादोनला माझं दार वाजवलं. मी रिक्षा आणली. त्यानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. दवाखान्यात तीच सिस्टर होती. "बाळ हलत नाही" म्हटल्याबरोबर तिनं पोटावर मशीन लावलं. ठोके लागेनात. मग लागले. फार हळू... फार लांबून...

सिस्टर धावली. डॉक्टर आले. दिपालीला आत नेलं.

विठ्ठल भिंतीला कपाळ टेकून उभा. मला एकच सांगत होता... "मी विचारलं नाही आबा... मी विचारलंच नाही..."

तीन चाळीस. मुलगी. रडली नाही.

एक मिनिट गेलं.

मग रडली.

प्रमिलाबाई उजाडता थेट दवाखान्यात पोचल्या. पाच दिवस सगळे तिथंच. डबा माझ्या घरचा. विठ्ठल एकदाही घरी आला नाही. किल्ली त्याच्याच खिशात.

सहाव्या दिवशी दिपालीला घेऊन आले. भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या बायकांच्या मागेच मी होतो. विठ्ठलनं कुलूप काढलं. पाच दिवसांची धूळ होती त्यावर. दार ढकललं...

आतून ऊब आली.

ओव्याचा धूर. कोंडलेला, ताजा.

पलंगाखाली मातीची शेगडी होती. बाळंतिणीला शेकायला ठेवतात तशी. निखारे लाल. वर ओवा तडतडत होता.

त्या घरात शेगडी नव्हतीच कधी.

प्रमिलाबाईंनी एकेकाकडे पाहिलं. "कोनी पेटाडी?"

विठ्ठलनं शेगडीपुढे हात जोडले. "आजी," एवढंच म्हणाला.