राहिलेला टाका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कुणी खिदळलं तर मी उठून जाईन. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या दुकानाशेजारचा शिंपी, माझा जुना दोस्त.

मंगळवारची रात्र, अकरा वाजून दहा मिनिटं. महिनाभराचं प्रदर्शन संपलं होतं. सकाळपर्यंत हॉल रिकामा करायचा होता, म्हणून हा आपलं भरतकाम आणायला गेला. वॉचमनने किल्ली दिली आणि तो जेवायला बसला.

ते भरतकाम खरं तर मायलेकांचं. तीन वर्षं दोघं समोरासमोर बसून एकाच कापडावर भरत होते, ती डावीकडून, हा उजवीकडून. काम पुरं झालं की कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची फुली घालायची. एक तिरपा टाका याचा, त्यावर उलटा तिरपा आईचा. हीच त्यांची सही.

पण लोकांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. विजार शिवली तर कारागीर, फुलं भरली तर बायकी. त्यातून आईचं नाव लागलं की सगळं तिनंच केलं म्हणतील, अशी याला धास्ती. म्हणून याने आईचा टाका गुपचूप उसवला आणि खाली एकट्याचं नाव लावलं.

उद्घाटनाला आई आली. तिची नजर अधू झालेली. तिने कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"एक टाका राहिलाय रे," ती म्हणाली.

"निसटला असेल. घरी नेल्यावर घालू."

आठवड्याने ती झोपेतच गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं याला झालं होतं. हे मला सांगतानाही त्याने मान वर केली नाही.

तर त्या रात्री याने हॉलचं दार उघडलं. दिवा लावणार, तोच आवाज आला. ताणलेल्या कापडातून दोरा ओढल्याचा. मग सुई बोटातल्या अंगुस्तानावर टेकल्याचा.

सर्र... टक.

हा आवाज त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा.

सर्र... टक.

"आई?"

आवाज थांबला.

"आई... टाका निसटला नव्हता. मी उसवला. मला लाज वाटली... तुझी."

काही नाही.

काहीच नाही.

मग एकदाच... सर्र...

त्याने दिवा लावला. हॉलमध्ये कुणी नव्हतं. कोपऱ्यातली फुली पुरी झालेली. दोरा कापलेला नव्हता, वीतभर खाली लोंबत होता. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची आईला सवय होती. ते टोक ओलं होतं.

मला म्हणाला, "रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं राहिलेलं काम केलं."

दुसऱ्याच दिवशी त्याने आईचं नाव लावलं, आपल्या नावाच्या वर. कापड आता त्याच्या दुकानातच असतं. दोरा त्याने अजून कापलेला नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. परवा तो आत कापड मोजत होता, तेव्हा मी हळूच त्या टोकाला बोट लावलं.

ओलं होतं.