तिसरी नळी आणि बजाबाईचं बेट

बजाबाईला आणायचं होतं! अठ्ठावीस मेंढ्या आणि दोन कोकरांसकट, आणि तेही दिवस कलायच्या आत.

उजनीचं पाणी उतरलं की मधोमध एक लांबट टेकाड उघडं पडतं आणि त्यावर गवत माजतं. चार दिवसांपूर्वी बजाबाई चिखलातल्या वाटेनं कळप घेऊन तिकडे गेली आणि तिकडेच रमली. मग वरच्या धरणांचं पाणी सुटलं. वाट बुडाली, टेकाडाचं बेट झालं, आणि सकाळी रावसाहेबांना तिचा फोन आला.

"रावसाब, पाणी बाभळीला टेकलंय. न्यायचं असंल तर मेंढरासंगं न्या. न्हायतर येऊच नका!"

मासे धरायच्या होड्यांत मेंढरं कुठली मावायला! मोठी बोट गावात एकच, रावसाहेबांची, केळी वाहायची. तिला जुन्या ट्रॅक्टरचं तीन सिलेंडरचं इंजिन बसवलेलं. पण त्या इंजिनाचा डिझेल पंप, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला मापात डिझेल मारणारा भाग, आठ दिवस सोलापुरात लालसाब मिस्त्रींच्या दुकानात खोललेला पडला होता. रावसाहेबांनी दुकानाला फोन लावला आणि दुपारपर्यंत मोहोळ, टेंभुर्णी मागं टाकत एक मोटरसायकल धुरळा उडवत काठावर आली. मागं पंप बांधलेला. गाडीवर साबेरा.

"लालसाब मिस्त्री कुटं हायती?" रावसाहेबांनी तिच्या मागं बघत विचारलं.

"अब्बांचे गुडघे धरलेत. पंप मीच बांधलाय."

रावसाहेबांनी मुलाकडे, यशपालकडे, असं पाहिलं की साबेराला सगळं कळलं. हे तिला नवं नव्हतं. सहा वर्षं ती दुकानात बसत होती आणि सहा वर्षं गिऱ्हाईक दारातून विचारत होतं, मिस्त्री कुटं गेले? तिनं ओढणी कमरेला खोचली, पंप बसवला, नळ्या जोडल्या, त्यांतली हवा काढली आणि यशपालला म्हणाली, "मार सेल!"

यशपालनं चावी फिरवली आणि पहिल्याच दणक्याला इंजिन गरजलं! टक-टक-टक, तिन्ही सिलेंडर एका तालात!

रावसाहेब एकदम खुलले. "थांबा! हे झाल्याबिगर बोट हलायची न्हाय!" म्हणत घरात पळाले आणि नवीकोरी टॉवेल-टोपी घेऊन आले. "ताईला साडी द्यायची आसती, मला म्हाईत हाय. पर मिस्त्रीला टॉवेल-टोपीच! घे पोरी."

पांढराशुभ्र, जाड, सोलापुरीच टॉवेल. साबेरानं तो दोन्ही हातांनी घेतला. तिनं टोपी खिशात ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. तेवढ्यात तिसऱ्या नळीखाली तिला ओल दिसली. तिनं इंजिन थांबवायला लावलं, तिथला व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत डिझेल सोडणारी पंपावरची झडप, खोलला, तांब्याचा वायसर बदलला, हात पुसले, सगळं परत आवळलं. मनात मात्र एकच घोळत होतं. मिस्त्री म्हणाले! सगळ्यांसमोर म्हणाले!

नव्यानं बांधलेल्या पंपासोबत पहिला तासभर मिस्त्रीनं राहायचं, हा लालसाबांचा नियम. म्हणून साबेराही बोटीत बसली.

सुरुवातीचा अर्धा तास मजेत गेला. काठावरची केळीची हिरवी रांग मागं सरकली, पाण्यावर पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या पाइपांचे तराफे डोलत होते, आणि रावसाहेब धरणात बुडालेल्या जुन्या गावाचा पत्ता सांगत होते. हितं चावडी व्हती, तितं माझ्या आज्याची हीर. साबेरानं इतकं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. तिला पोहताही येत नव्हतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग वारा उठला. लाट बोटीच्या कडेवर आपटली. आणि इंजिन चुकलं!

टक-टक... ठप्प. टक-टक... ठप्प. काळा-पांढरा धूर! बोट थरथरली. वेग निम्म्यावर आला. वारा बोटीला आडवं ढकलू लागला.

"माझंच चुकलं!" रावसाहेबांनी कपाळाला हात लावला. "जुन्या कॅनातलं डिझेल घातलं. पाणी असंल त्यात. पोरीचा काय दोष न्हाय, यशपाल."

साबेरानं पाना उचलला. पाळीनं एकेका नळीचा नट जरा सैल करायचा आणि कान द्यायचा. जो सिलेंडर चालतोय त्याची नळी सैल केली की इंजिन आणखी मरगळतं. पहिली सैल केली. इंजिन बसलं. आवळली. दुसरी सैल केली. पुन्हा बसलं. आवळली. तिसरी सैल केली. काहीच फरक नाही!

तिसरा सिलेंडर मेला होता. तिनं तिन्ही नळ्यांवर बोट ठेवून पाहिलं. दोन नळ्या नाडीसारख्या ठोके देत होत्या, तिसरी गप्प. डिझेलमध्ये पाणी असतं तर तिन्ही अडखळल्या असत्या. दोष पंपात होता. तिनं बांधलेल्या पंपात!

"मिस्त्री, दोन सिलेंडरवर जाऊ की!" यशपाल ओरडला.

"मोकळी बोट जाईल. तीस जनावरं घेऊन या वाऱ्यात परत यायची न्हाय. कुठं तरी बांधा, खोलावं लागेल!"

पाण्यातून एका वाळल्या चिंचेचा शेंडा वर आलेला. यशपालनं दोर फेकला. चुकला! पुन्हा फेकला. बसला! बोट झाडाभोवती गरकन फिरली आणि हिसका देऊन थांबली.

इंजिन बंद झालं आणि सगळीकडे फक्त वारा ऐकू येऊ लागला. उघड्या पंपात पाण्याचा एक थेंब गेला, धुळीचा एक कण गेला, तरी खेळ खलास. रावसाहेबांनी घोंगडं आडवं धरलं आणि लाटेकडे पाठ करून उभे राहिले. साबेरानं तिसरा व्हॉल्व्ह खोलला. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा तिनं उन्हाला धरला.

झडप बसायच्या जागेवर एक पांढरा धागा अडकला होता. केसापेक्षा बारीक, पण तेवढ्यानं झडप नीट मिटत नव्हती.

तो कुठला ते तिला लगेच कळलं. पंपाला कापड लावायचं नाही, धुवायचं तर स्वच्छ डिझेलनं आणि सुकवायचं तर हवेनं. हे ती गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा ऐकवत होती! आणि मघाशी मानाच्या आनंदात त्याच टॉवेलनं तिनं हात पुसले, आणि हातासोबत व्हॉल्व्हही. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. रावसाहेबांनी डिझेलचा दोष कधीच आपल्या अंगावर घेतला होता.

"काका, डिझेल चांगलं हाय," ती म्हणाली. "चूक माझी. तुमच्या टॉवेलनं मी हा पुसला. त्याचाच धागा हाय हा."

रावसाहेब घोंगड्याआडून वाकून बघत राहिले. मग त्यांना जे हसू फुटलं! "आयला! म्हंजे माझ्या आहेरानंच माझी बोट बंद पाडली व्हय!"

यशपालही हसला. साबेरा पुन्हा कामाला लागली. तिनं बाटलीतल्या गाळलेल्या डिझेलनं व्हॉल्व्ह धुतला, फुंकरही मारली नाही, तसाच ओला बसवला. आवळला. हवा काढली. सेल मारला.

टक-टक-टक! तिन्ही!

बेट आता अंगणाएवढंच उरलं होतं. बाभळीच्या बुडाशी कळप दाटीनं उभा, आणि मधे कमरेवर हात ठेवून बजाबाई. "काय ओ, जेवून निघाला व्हता का?" ती कडाडली.

फळी टाकली. पण एकही मेंढी पाय उचलेना! पुढची बिथरली की मागच्या सगळ्या मागं, आणि पुढची त्या धडधडणाऱ्या इंजिनाला घाबरलेली.

"ते यंत्र बंद करा!" बजाबाई म्हणाली. "आवाज थांबल्याबिगर माझी राणी चढायची न्हाय."

यशपालचा चेहरा उतरला. "मावशे, आठ दिवस बंद राहून बॅटरी मेलीया. आणिक एखादा सेल मारंल, त्यावर न्हाय. बंद केलं आणि लागलंच न्हाय तर हितंच बुडायचं सगळ्यांनी!"

सगळे साबेराकडे बघू लागले. पाणी फळीच्या टोकाला लागलं होतं. तिनं तिसऱ्या नळीवर बोट ठेवलं. ठोके पडत होते.

"करा बंद," ती म्हणाली.

शांतता पसरली. बजाबाईनं जिभेनं टिचकी वाजवली. राणी फळीवर चढली. मग दुसरी, तिसरी, आणि मग सगळा कळप धबाधबा बोटीत! कोकरं ओली होऊन कुडकुडत होती. साबेरानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोघांना त्यात गुंडाळून बजाबाईच्या मांडीवर दिलं.

"मार सेल."

बॅटरी कण्हली. इंजिन अर्धा फेरा फिरलं... आणि धडाडलं!

साबेरा काठावर उतरली. तेवढ्यात फोन वाजला.

"पंप कसाय गं?" लालसाबांचा आवाज.

"चालला, अब्बा. पण आधी तिसरा बंद पडला. माझ्याच टॉवेलचा धागा गेला व्हॉल्व्हमध्ये. इथं मला टॉवेल-टोपी दिली."

आता बोलणी बसणार, म्हणून तिनं डोळे मिटले.

"टॉवेल-टोपी? तुला? मिस्त्री म्हणून?"

"हो."

"चाळीस वर्षं पंप बांधले मी. मला न्हाय कुणी दिली." मग त्यांनी नेहमीच्या आवाजात हुकूम सोडला. "घेऊन ये. दुकानात दर्शनी भागात लावू. पण कामाच्या बेंचापासून लांब, कळलं का?"