पावलांच्या मापाची खोली

बीदरमधून बाहेर पडताना सोमशेखरांनी मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवली, तेव्हा दानेश्वरी हळूच बोललीच. "डॉक्टर काय म्हणलेत?"

"अगं, घर बघायला जायलाव आपण, दवाखान्यात न्हाई."

चैत्रात त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. अजूनही चार पायऱ्या चढल्या की दम लागे. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय दानेश्वरी पाणीही पीत नसे, आणि पूजेत तिचं मागणं एकच असे, नवऱ्याचं आयुष्य.

आर्किटेक्ट बसवंतप्पांचं नाव हैदराबादेपर्यंत गाजलेलं. सोमशेखर स्वतः इमारतींची कंत्राटं घेणारे गुत्तेदार, बसवंतप्पांनी स्वतःसाठी बांधलेलं घर एकदा बघायचंच, हा त्यांचा जुना हट्ट. घर खाणीच्या काठावर होतं. जांभा तिथंच कापलेला, तिथंच रचलेला. बाहेर रणरणतं ऊन आणि आत माठाच्या पोटासारखा गारवा.

राखण करणारे गुरुपादय्या पुढे आले. कपाळभर विभूती. दानेश्वरी वाकून पाया पडली.

"साहेबांची शेवटची खोली खाली हाय, अण्णा," ते म्हणाले. "तिला टेप लावला न्हाई. पावलानं मापली."

"कुणाच्या?"

"जिची तिच्या. ज्याची त्याच्या."

"कोड्यात बोलायलाव की, अय्या!" सोमशेखर हसत पायऱ्या उतरले.

खोलीला खिडकी नव्हती. समोरच्या भिंतीत तिकोनी कोनाडा, त्याखाली मांडी घालून बसण्याजोगा ओटा. दगडावर टाकीचे घाव ताजे होते, खाली लाल भुकटी पडली होती. बसवंतप्पांना जाऊन तर कैक वर्षं झालेली.

सोमशेखर टाचेला अंगठा लावत चालत गेले. शेवटचं पाऊल संपलं तिथंच भिंत लागली. आडवं मापलं, तसंच.

"अगं, माझ्याच मापाची हाय की!"

दानेश्वरीनं पुन्हा कोनाड्याकडे पाहिलं. त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि माती देतात. खड्डा त्याच्याच पावलाच्या मापाचा खणतात आणि आत असाच तिकोनी कोनाडा कोरतात. सासऱ्यांच्या वेळी सोमशेखरांनीच माप घेतलं होतं. मग त्यांना आठवत कसं नाही?

"अहो, चला भाईर."

"थांब गं. जरा टेकतो."

ते ओट्यावर बसले, मांडी घातली. डावा तळहात उघडा पडला. ओठ काळेनिळे दिसले.

"अहो!"

डोळे मिटले होते.

"अय्या, धरा की ह्यांना!"

गुरुपादय्या दारातून हलले नाहीत.

दानेश्वरीनं हात जोडले. रोजचं मागणं ओठांवर आलं आणि आज ते पुढे गेलं. त्यांच्या बदली मला ने.

जातं फिरावं तसा आवाज भिंतीत झाला. तिच्या खांद्यावर लाल भुकटी पडली.

"कामून रडायलीस?" सोमशेखर उठून उभे होते. त्यांनी पुन्हा पावलं टाकली. शेवटचं पाऊल मावेना. "हॅट! बसंना की आता. माप चुकलं तुमच्या साहेबांचं, अय्या."

ते भराभर पायऱ्या चढून गेले.

तिलाही जायचं होतं. पाय मात्र मागच्या भिंतीकडे गेले. टाच दगडाला लागली. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. शेवटच्या पावलाला समोरचा दगड लागला. केसभरही फट नव्हती. दगड कोमट होता.

"दानेश्वरी, ये की!" वरून हाक आली. "एका दमात चढलो बघ!"

गुरुपादय्या वाकले. उंबऱ्याबाहेर काढलेल्या तिच्या चपला त्यांनी उचलल्या, धूळ झटकली आणि सोमशेखरांना नेऊन द्यायला ते वर निघाले.