तिसऱ्या नंबरचा प्लग

पनवेलला उरण नाक्याजवळ माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मागे पत्र्याखाली दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आहे. तिथली लहानसहान कामं मी स्वतःच करते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, चार प्लग द्या." मी आधी जुना प्लग मागते. आट्यांची जाडी जुळायला हवी, लांबी जुळायला हवी, नाहीतर प्लग आत पिस्टनवर आपटतो. एवढं बहुतेकांना समजतं. समजत नाही ती त्याची उष्णता. थंड जातीचा प्लग उभ्या गाडीत काजळी धरतो, गरम जातीचा लांबच्या पल्ल्यात स्वतःची टोकं जाळून घेतो. दिसायला दोन्ही सारखेच. फरक अंगावर छापलेल्या एका आकड्याचा.

हे सगळं मी चौदा वर्षं लोकांना समजावते आहे.

यंदा एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ दीपेश दुकानात आला. आम्ही तीन वर्षं बोललो नव्हतो. बाबा गेले तेव्हा त्याचा फोन आला, "झोपेतच गेले." मी पोचले तोवर सगळं बांधून तयार होतं, तोंड बघायला मिळालं ते जेमतेम मिनिटभर. दहाव्याच्या दिवशी त्यानं हक्कसोडीचे कागद पुढे ठेवले. मी सही केली आणि त्याच्या रोडपालीच्या घरी पुन्हा पाय ठेवला नाही. आई त्याच्याकडेच राहते. ती अधूनमधून फोन करते, जेवलीस का विचारते आणि ठेवून देते.

दीपेशनं काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत चार प्लग होते.

"गाडी उचलत नाय," तो म्हणाला. "तीन गॅरेजवाले झाले. प्लग बदलले, कॉईल बदलली. आठ दिवस बरी चालते, मग परत तेच."

गाडी तीच होती, बाबा असताना घेतलेली. तीन प्लगांची टोकं भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाची होती, हवी तशी. चौथ्यावर पांढरा थर होता.

"हा कुठला?"

"तिसऱ्या नंबरचा. दर वेळी तिसराच."

पांढरा प्लग म्हणजे इंजिन तापतंय, नाहीतर तेल जळून राख बसतेय. मी नखानं थर खरवडला. राख पिठासारखी सुटते. हे रवाळ होतं. मी बोट जिभेला लावलं.

आमच्या बाबांची, तुळशीराम आगऱ्याची, सगळी उमर मिठागरावर गेली. मीठ मला कुणी शिकवायला नको. पण हे आगरातलं मीठ नव्हतं. ते जाड असतं, करडं असतं, त्याला चिखलाचा वास असतो. हे बारीक होतं.

"गाडी ठेवून जा," मी म्हटलं.

मी पुस्तकात बघून बरोबर आकड्याचे चार प्लग घातले. फटी गेजनं मोजल्या. पळस्प्यापर्यंत जाऊन आले. गाडी छान चालली. एसी चांगला गार होता. फक्त मानेला मागून धग लागत होती, तव्याजवळ उभं राहिल्यासारखी. मी आरसा वळवून बघितलं. मागची सीट रिकामी होती. उन्हाची तिरीप येत असेल म्हणून काच बघितली. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

नवव्या दिवशी दीपेश परत आला. तिसरा प्लग पांढरा.

मी पहिल्या आणि तिसऱ्या नंबरचे प्लग आपसात बदलले. दोष प्लगचा असेल तर तो प्लगबरोबर जाईल. आठवड्यानं उघडलं तर मीठ तिसऱ्यालाच. चारही ठिकाणचा दाब मोजला, सारखा निघाला. रेडिएटरचं पाणी थेंबभरही कमी झालं नव्हतं. जिथून मीठ आत जाईल अशी वाटच त्या इंजिनात नव्हती.

"विकून का टाकत नाहीस?" मी विचारलं.

"दोनदा सौदा झालता. गिऱ्हाईक पुढे बसतं, चालवतं, खूश असतं. मग मागे बसून बघतं आणि नको म्हणतं."

"का?"

"सांगत नाय कुणी."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. पहिल्या दिवशी तिला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन पार गार असताना तिसरा प्लग काढला आणि त्या भोकातून नळीचा कॅमेरा आत सोडला. मोबाइलवर चित्र आलं. पिस्टनचा माथा कोरडा होता, पांढरा.

मी बघत असतानाच सिलिंडरच्या भिंतीवर एक थेंब धरला. मग त्याच्या शेजारी दुसरा. ते वरून ओघळले नव्हते. धातूतूनच फुटत होते, कपाळावर फुटतात तसे. फुगले, एकमेकांत मिसळले आणि खाली सरकले. मग चित्र वाफेनं धुरकट झालं.

मी नळी ओढून काढली. हातात धरवेना इतकी तापली होती.

तेवढ्यात गाडीत खटका वाजला.

मागच्या डाव्या दाराची आतली मूठ कुणीतरी ओढून सोडली की होतो, तसा आवाज. मी उभी राहिले. आवाज पुन्हा झाला. मग थोडा वेळ काही नाही. मग एकदा, अगदी हळू.

मी जाऊन बाहेरून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. सीट कोरडी होती. दाराच्या कडेचा चाइल्ड लॉक लावलेला होता.

मी दीपेशला बोलावून घेतलं.

"या दाराला चाइल्ड लॉक कशाला? तुझ्या घरात लहान मूल कुठाय?"

तो दाराकडे बघत राहिला. मग टायरच्या ढिगावर बसला.

"बाबांसाठी लावलेला," तो म्हणाला. "शेवटी शेवटी ते चालत्या गाडीत दार उघडायचे. आगरावर जायचं हाय म्हणायचे. आगर राहिलं होतं कुठं?"

मी चाइल्ड लॉकच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी आई दवाखान्यात गेलेली. घरी एकटं ठेवता येईना म्हणून त्यांना गाडीत घेतलं. वकिलाकडे दहा मिनिटांचं काम होतं. इंजिन चालू ठेवलं, एसी लावला, काचा बंद केल्या आणि दुसऱ्या चावीनं बाहेरून लॉक करून गेलो. दीड तास लागला, ताई. येऊन बघतो तर गाडी बंद."

"आणि बाबा?"

"शर्ट वाळून कडक झालता. पाठीवर, काखेत, सगळा पांढरा."

पत्रा तापून तडतडत होता. मी म्हटलं, "झोपेत गेले म्हणून सांगितलंस मला."

"आईच म्हणाली, बायला सांगू नको, ती तुझं तोंड बघायची नाय. तसं पण नाय बघितलंस." त्यानं मान वर केली. "मी नाय बंद केली गाडी. आईची शपथ. आपोआप बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, प्लग काळे झालेत. ते काढून दिले त्यानं. मी टाकले नाय."

डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्यानं प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. चार प्लग, काजळीनं काळेकुट्ट. मी एकेक फडक्यानं पुसला. पांढऱ्या चिनीमातीवर हिरव्या पेनानं आकडे घातलेले होते. एक, दोन, तीन, चार. हिरवं पेन मीच वापरते. चारचा आकडा मी मोडक्या खुर्चीसारखा काढते, तसाच तो होता.

मग मी छापलेला आकडा वाचला.

बाबा जायच्या आधी, तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, दीपेशनं गाडी माझ्याकडेच आणली होती. हवे ते प्लग संपले होते. तो घाईत होता, आणि त्याच्या घाईचा मला तेव्हाही राग यायचा. मी शेल्फावरचे थंड जातीचे चार घातले. तात्पुरते चालतील, म्हटलं. खरे प्लग चार दिवसांत आले. त्याला फोन करायचा होता. मी केला नाही. येईल त्याचा तो, असं म्हणून राहिले.

तसे प्लग उभ्या गाडीत, चालू एसीवर, किती वेळ टिकतात हे पनवेलमध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

"काय झालं?" दीपेशनं विचारलं. "प्लगमध्ये काही होतं का?"

तो अगदी लहानपणी बघायचा तसा बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर तीन वर्षांचं त्याचं ओझं अर्धं झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "प्लग बरोबर होते."

"मग बंद कशी पडली?"

"चालती गाडी आपोआप बंद पडत नाही, दीपेश. जाताना तूच चावी फिरवली असशील. आठवत नसेल तुला."

मग त्यानं मान हलवली. "असेल," तो म्हणाला. "मीच फिरवली असेन."

मी चाइल्ड लॉक काढला, नवा प्लग घट्ट केला आणि त्याला चावी दिली. काळे प्लग मी ठेवून घेतले. संध्याकाळी दुसऱ्या भंगारात मिसळून ते देऊन टाकले.

गाडी सुधारली. जूनच्या शेवटी दीपेशनं फोन केला. तिसरा प्लग स्वच्छ निघाला होता, इतर तिघांसारखा. पुढे गाडी विकलीही गेली. घेणारा मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, मागे गार वाटतं. सांगताना दीपेशचा आवाज खोल गेलेला होता. आई म्हणते, तो आता जेवत नाही, कुठल्याच गाडीच्या चावीला हात लावत नाही. मी ऐकून घेते.

परवा दुपारी एक तरुण बाई दुकानात आल्या. स्कूटीचा प्लग हवा होता. त्यांनी जुना आणला होता. मी आकडा बघून नवा काढून दिला. त्या पैसे देऊन थांबल्या, जरा संकोचल्या.

"तुमचे वडील का हो?" त्यांनी विचारलं. "पंखा त्यांच्याकडे वळवा ना. किती घाम आलाय त्यांना."

दुकानात मी एकटी होते. मी उजव्या हातानं पंख्याचं तोंड हळूच मागच्या दाराकडे फिरवलं.

"तिकडे नाही," बाई म्हणाल्या. "इथे. तुमचा डावा हात धरून बसलेत ते."